हारांखालची बियाणपेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात, काचेच्या कपाटात मखमलीवर बसलेली. समोर पाटी आहे : ‘प्रा. धनराज गावित अध्यासन’. हा थाट बघून हात जोडू नका. आधी माझा अपराध ऐका.

गावित सरांनी इथे एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. डोंगरातल्या भाताचं बी ठेवायला त्यांनी मला घडवून घेतलं. सप्त्याच्या कीर्तनाला हरसूलला गेले की मला मांडीशी घेऊन बसायचे. बुवांनी अभंग धरला की सरांची बोटं माझ्या झाकणावर ताल धरायची. कीर्तन सुटल्यावर आयाबाया पदराच्या गाठीतलं बी माझ्या पोटात घालायच्या.

भागीबाई त्यांतलीच. म्हणाली, “सर, आम्ही मजुरीला भायेर चाललो. शेत पडीक राहील. तांबड्या कुसळाच्या भाताचं एवढंच बी हाय. मोडू देऊ नका.”

“नाही मोडू देणार,” सर म्हणाले.

बी नुसतं ठेवून जगत नाही. म्हणून सर दर वर्षी मला उघडत, गच्चीवरच्या कुंड्यांत प्रत्येक वाण पेरत आणि नवं बी भरत.

मग सर गेले. त्यांचं काम पुढे चालावं म्हणून विद्यार्थ्यांनी निधी उभारून त्यांच्या नावाची प्राध्यापकाची कायमची जागा, म्हणजेच हे अध्यासन, काढली. तिच्यावर तृप्ती मॅडम आल्या, सरांच्याच विद्यार्थिनी. “सरांच्या हातची पेटी आहे, कुणी उघडायची नाही,” असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. गुरुपौर्णिमेला मला गंध, अक्षता, झेंडूचा हार! असे चार पावसाळे गेले. पोटात किड्यांची करकर चालली होती. मला ती ऐकू येत होती. माझी कडी सैल होती. झाकण जरासं उचकटू दिलं असतं, तर कुणाचं तरी लक्ष गेलं असतं. पण खरं सांगते, मला हारांची चटक लागली होती. मी घट्ट मिटून बसले.

यंदा पेरणीआधी भागीबाई दारात उभी. “बाई, शेत नांगरलंय. माझं बी द्या.”

मॅडमनी मला उघडलं. आत सगळ्याच वाणांचा भुसा आणि किडे.

“मी... सरांची आठवण म्हणून जपलं हो, मावशी.”

“ह्याला जपणं म्हनती व्हय? अगं, देवाला फूल वाहावं, बीला माती द्यावी. तू बीलाच फुलं वाहिली! एवढी शिकली आन्‌ हे नाय कळलं?”

मॅडमच्या डोळ्यांना धार लागली. मग दोघींनी मिळून निवडलं. तांबड्या कुसळाचे सव्वाशे दाणे तेवढे धड निघाले, ते ओल्या फडक्यात ठेवले. भागीबाई भाचीकडे मुक्कामाला राहिली आणि रोज येऊन फडकं उलगडू लागली. सहाव्या दिवशी मोड दिसले. अकरा दाण्यांना.

“सहा माझे, पाच तुझे,” ती म्हणाली. “एकीकडचं गेलं तरी दुसरीकडं राहील. पर पुन्हा ह्या पेटीत कोंडू नको.”

माझ्या तोंडावर म्हणाली. पत्र्यालाही लाज असते, मित्रांनो.

थोरांच्या वस्तूंना हार घाला, जरूर घाला; पण त्यांनी कुणाला दिलेला शब्द आधी पाळा. मला आता हार नकोत. दर ज्येष्ठात माझं झाकण उघडा. आत काहीच दिसलं नाही तर हळहळू नका. समजा, बी शेतात गेलं.