कामापुरती भाषा

तोंड उघड. जीभ दाखव. कुठे दुखतंय? कधीपासून? शहाणं बाळ.

परदेशी निघण्याआधी प्रशिक्षणात तिला तिथली भाषा शिकवली ती एवढीच. बालरोगतज्ज्ञ व्हायचं तर जगाच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या गरीब इस्पितळात काही महिने काढायचे, हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा नवा दंडक. लहान मुलांच्या डॉक्टरला लागून लागून लागणार काय, असं म्हणून कुणीतरी ही वाक्यं निवडली असणार.

वॉर्डात ती वाक्यं पुरली. बाकीचं दुभाषी नर्स सांभाळायची.

पण वॉर्ड सुटला की?

साबण हवा होता म्हणून तिने दुकानात अंग चोळून दाखवलं. दुकानदाराने खाजेचं मलम पुढे ठेवलं. ती ते घेऊन निघाली, आणि आभार मानायला दुसरं काही नव्हतं म्हणून साठी उलटलेल्या त्या माणसाला म्हणाली, "शहाणं बाळ." तेव्हापासून गल्लीत तिचं नाव तेच पडलं. लोक हाक मारायचे, हसायचे. पुढे काय बोलावं ते त्यांनाही सुचायचं नाही.

आईचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. बरी आहेस ना? बरी आहे.

म्हणजे आपल्या भाषेतही कामापुरतंच.

शनिवारी एक तान्हं मूल गेलं. नर्स घरी गेली होती. मुलाची आई हिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हिच्याजवळ त्यासाठी वाक्य नव्हतं.

रविवारी तिने कॉलेजातल्या सरांना फोन लावला: मला परत यायचंय. सर म्हणाले, वर्ष फुकट जाईल, उद्या पक्कं सांग. तिने बॅग भरली आणि पाय मोकळे करायला निघाली.

जिन्यात तिची म्हातारी घरमालकीण बसलेली. मांडीवर भाजीची पिशवी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. जिना अरुंद, वळसा घालून जायला जागा नाही. ही एक पायरी वर टेकली.

"कुठे दुखतंय?"

म्हातारीने छातीवर हात ठेवला. डॉक्टरची बोटं सवयीने तिच्या मनगटावर गेली. नाडी ठीक होती.

"कधीपासून?"

मग म्हातारी जी सुरू झाली! एक शब्द कळेल तर शपथ. हातवाऱ्यांत एक उंच माणूस आला, दार आपटून गेला. बहुधा मुलगा. ती अडली की ही विचारायची, "कधीपासून?" आणि गाडी पुढे. पिशवीतला पाला मलूल झाला.

शेवटी म्हातारीने नाक पुसलं आणि हिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"तुला कुठे दुखतंय?"

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. म्हणून ती आपल्याच भाषेत बोलली. ते तान्हं, त्याची आई, मलम, बॅग, फोनवरचं ‘बरी आहे’. म्हातारी मान डोलवत होती, आणि ही दम घ्यायला थांबली की अगदी डॉक्टरच्या चालीत विचारत होती, "कधीपासून?"

सकाळी तिने सरांना सांगितलं, थांबते. कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, काम आहे.

संध्याकाळी ती परतली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. तरी ती त्याच पायरीवर जरा वेळ बसली.