ओरखड्याच्या काठाने

घरी मला 'वादळ' म्हणतात. माझ्या हातून आजवर काय काय फुटलंय, हे आई पाहुण्यांनाही कौतुकाने ऐकवते. त्यामुळे सुट्टीत मावशी मला तिच्या प्रयोगशाळेत न्यायला तयार झाली, तेव्हा दादा म्हणाला, "मावशी, विमा उतरवलायस ना?"

मावशीनेही दम भरलाच. "एक जरी बशी बिघडवलीस, तर दुसऱ्या दिवसापासून घरी."

बशी म्हणजे चपटी पारदर्शक डबी. तिच्या तळाला चिकटून जिवंत पेशी वाढतात. निरोगी पेशींवरचं जुनं गुलाबी पोषक पाणी पिपेटने, म्हणजे बारीक टोकाच्या नळीने, ओढायचं आणि ताजं घालायचं, एवढंच माझं काम. मग काचेच्या दारापलीकडे मावशी त्यांच्यावर परजीवी सोडायची. तिथे मला मज्जाव. तिला एकाच प्रश्नाने छळलं होतं: या पेशी स्वतःहून काही गिळत नाहीत, मग हा चोर आत शिरतो कसा?

मी जीव मुठीत धरून काम करत होते. तरी शेवटच्या बशीत पिपेटचं टोक तळाला घासलंच. खर्रर! पेशींच्या मधोमध लांबलचक ओरखडा.

"मावशे... वादळ आलं गं."

तिने बशी उजेडात धरली. "झालं! टाकून दे."

"नको ना! हिच्यातही परजीवी सोड. काहीच नाही निघालं तर मी आपणहून घरी बसते. शप्पथ!"

"तू वकीलच हो बाई," म्हणत ती बशी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर फोटो आले. आत शिरलेले परजीवी हिरवे, बाहेर राहिलेले पिवळे, असा रंग दिला होता. पहिल्या बशा बघून मावशी नुसतीच हुं हुं करत होती. इकडेतिकडे एखादा हिरवा ठिपका. मग माझी बशी आली.

ओरखड्याच्या दोन्ही काठांनी हिरवेच हिरवे!

"मावशी, हे इथेच का घुसले?"

"ओरखड्याने काठच्या पेशी फाटल्या. आणि पेशीला भोक पडलं की ती काय करते, सांगितलं होतं मी."

"आतल्या छोट्या पिशव्या धावत येतात, भोक बुजवतात आणि फाटका तुकडा आत ओढून..." मी खुर्चीतून उठलेच. "आणि त्या तुकड्यावर हा बसलेला असला तर? म्हणजे कुलूप फोडायलाच नको! घर दुरुस्त करणारेच चोराला उचलून आत नेतात!"

मावशीने चष्मा काढला. "दुसऱ्या एका परजीवीत हे दिसलेलं आहे. आपला हा पठ्ठ्याही तेच करतो का, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता गं!"

"म्हणजे मी उद्या येऊ?"

"एका बशीवर कोण विश्वास ठेवणार? उद्या पुन्हा करायचं. निम्म्या बशा धड, निम्म्यांवर ओरखडे. ते तू काढायचेस."

मी अख्ख्या खोलीभर नाचले. (काही फुटलं नाही. खरंच!)

आणि दुसऱ्या दिवशी गंमत बघा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बिघडवायला सांगितलं होतं, तर पिपेट तळाला लावायला हात धजेना!

"काय गं वादळा," मावशी मागून म्हणाली, "आजच शहाणी व्हायचं होतं का तुला?"

मी श्वास रोखला आणि टोक टेकवलं.

खर्रर.