पेटीतलं एक मत

अल्फर्ड क्वाशीने ओसरीवरचा लांब बाक ओल्या फडक्याने पुसायला घेतला. बावीस वर्षं तो बेटाच्या कौन्सिलात होता, आणि बावीस वर्षं सकाळी सहापासून या बाकावर माणसं बसायची. कुणाला छपराला पत्रे हवेत, कुणाच्या पोरीला बाहेर शिकायला जायचंय, कुणाचं शेजाऱ्याच्या बकरीवरून भांडण. निवडणूक हरून आज तिसरा दिवस. बाकाकडे कोंबडीसुद्धा फिरकली नव्हती.

हरण्याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. होड्यांचा धक्का शेजारच्या खाडीत हलवावा म्हणून त्याने कौन्सिलात हात वर केला, तेव्हाच गाव बिथरलं होतं. इथल्या खडकांवर होडी आपटून दोन माणसं गेली होती. तो तरी काय करणार? पण मतं मोजली की प्रत्येक गावची पेटी शाळेच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचतात. त्याच्या गावच्या पेटीत डेल्शिया फ्लेमिंगला सत्त्याऐंशी निघाली. त्याला एक.

ते एक त्याचं स्वतःचं नव्हतं. इथे उमेदवार आपल्या नावापुढे फुली मारत नाही, समोरच्याला मत देतो. जुनी रीत. नवी पोरं हसतात तिला, पण अल्फर्डने या खेपेलाही ती पाळली होती. म्हणजे गावात कुणीतरी एक होतं, आणि त्या एकाच्या जिवावर त्याने हे तीन दिवस काढले होते.

दावेदार मात्र पुष्कळ निघाले.

“मास्तर, ते एक मत आपलंच बरं का!” पाववाल्या आयझायाने भर रस्त्यातून हाळी दिली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पेंबर्टनबाईंनी तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली. अल्फर्डने सगळ्यांचे आभार मानले. विश्वास त्याने एकटीवरच ठेवला, समोर राहणाऱ्या थोरल्या बहिणीवर. निकाल लागला तेव्हा व्हर्लिन म्हणाली होती, “लोक गेले खड्ड्यात. माझं मत तुलाच होतं.”

दुपारी डेल्शिया भावाचा टेम्पो घेऊन आली. ती याच गावची; तो मास्तर होता तेव्हा त्याच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची.

“सर, तो बाक...” ती घुटमळली.

“कौन्सिलचा आहे. आता तुझ्या ओसरीवर. डावा पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घाल.”

दोघांनी दोन्हीकडून बाक उचलला. गप्प राहणं अवघड झालं तसा अल्फर्ड म्हणाला, “मी आपली रीत पाळली हो. माझं मत तुला. तुम्हा आजकालच्या पोरांना कसल्या आल्यात रीती!”

“वा सर! मीही पाळली की,” ती फणकारली. “तुमच्याच नावापुढे—”

ती थांबली. पेटी वाचली तेव्हा तीही हॉलमध्ये होती. तिचा चेहरा उतरला आणि बाकावरची बोटं घट्ट झाली.

“सांभाळ,” अल्फर्ड म्हणाला. “पुढे पायरी आहे.”

टेम्पो वळणाआड गेला. ओसरीवर बाकाच्या जागी फरशीचा एक पट्टा तेवढा लाल राहिला होता, बाकीची उन्हाने विटली होती. अल्फर्डला फार एकटं वाटलं. त्याने फडकं पिळलं, वाळत घातलं, मग सरळ केलं, मग पुन्हा सरळ केलं.

व्हर्लिन भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा घेऊन आली.

“अगंबाई, बाक गेला? आता मी बसू कुठे?”

“पायरीवर बस, ताई.”

गुडघे धरत ती टेकली. समुद्राकडे बघत तिने फणसाचा तुकडा मोडला.

“कुणी काही म्हणो, अल्फी,” ती म्हणाली. “ते एक मत माझंच.”

“माहीत आहे, ताई,” अल्फर्ड म्हणाला, आणि माशाचा मधला मोठा तुकडा त्याने तिच्या पानात वाढला.