धुराड्याकडे बघायची खोड

काकांना एक खोड होती. लोक घड्याळात बघतात तसे ते दर थोड्या वेळाने मान वर करून वीजकेंद्राच्या धुराड्याकडे बघायचे. धूर करडा असला की कोळसा नीट जळतोय, काळा झाला की भट्टीला हवा कमी पडतेय, आणि धूरच नसला की भट्टी विझली, टर्बाइन ताबडतोब थांबवायचं. टर्बाइनच्या पॅनेलवर बसणारे सगळेच असं बघत, पण काकांचं जरा अतीच होतं. जेवताना, पोरीच्या शाळेतल्या नाटकात, सासऱ्यांच्या अंत्ययात्रेतसुद्धा त्यांची मान त्या दिशेला वळली होती. बायको म्हणायची, "मी नजरेआड झाले तरी चालेल, धूर होता कामा नये."

मग कोळशाचे दिवस संपले आणि केंद्राला कुलूप लागलं. धुराडं पाडायचं म्हणजे खर्च, म्हणून ते तसंच उभं राहिलं. काकाही तसेच घरी बसून राहिले.

त्यांची लेक इंजिनीयर. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून त्यांनीच तिचं नाव ठिणगी पाडलं होतं. ती ज्या नव्या कंपनीत होती, तिने नेमकं हेच बंद केंद्र चालवायला घेतलं. दिवसा सूर्याच्या विजेने विटांची एक अख्खी खोली तापवायची. संध्याकाळी, सूर्य गेल्यावर, त्या विटांमधून हवा फिरवायची, तिच्यावर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर तेच जुनं टर्बाइन फिरवायचं. हे ऐकून काकांनी नाक मुरडलं.

"विटा तापवून वीज? मग इस्त्रीवर आगगाडी पण चालवा."

"बाबा, टर्बाइनला वाफ लागते. ती कोळशाची की विटांची, ते त्याला कळत नाही."

"मला कळतं ना."

पण चाचणीच्या दिवशी पॅनेलवर बसाल का, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. कारण डाव मोठा होता. आजवर एकच खोली बांधून झाली होती. गुंतवणूकदार बाई स्वतः बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर आणखी खोल्या उभ्या राहणार, घरी बसलेली जुनी माणसं परत कामावर येणार. नाही पटलं तर फाटकाला पुन्हा कुलूप, आणि टर्बाइन भंगारात. ठिणगीने या कामापायी चांगली चालती नोकरी सोडली होती, हेही काकांना ठाऊक होतं. सकाळी ती म्हणाली, "एकदा काचेतून विटा तरी बघून घ्या." काका म्हणाले, "विटा काय बघायच्या? आयुष्यात बघितल्या नाहीत का?"

बाई दिवस कलताना आल्या. पायात सुरक्षेचे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ताकास तूर लागू देत नव्हत्या. ठिणगी समजावून सांगत होती, त्या ऐकत होत्या. काकांनी वाफ सोडली. टर्बाइन हललं, घरघरलं, वेग घेत गेलं आणि शेवटी त्यांच्या ओळखीच्या एका सुरात गाऊ लागलं. त्याच्या विजेवर केंद्रातले आणि शेजारच्या कामगार वसाहतीतले दिवे लागले. खुर्चीचा तो हात, पायाखालची ती थरथर. काकांना क्षणभर वाटलं, मधली वर्षं झालीच नाहीत. ते सुखाने खुर्चीत मागे रेलले आणि सवयीप्रमाणे खिडकीतून वर पाहिलं.

धूर नव्हता.

जित्याची खोड ती. डोक्याला काही समजायच्या आत हात टर्बाइन थांबवायच्या लाल बटणावर पडला. वाफेची झडप धाडकन बंद झाली, दिवे गेले आणि टर्बाइनचा सूर घसरत खाली आला. काकांनी बटणावरचा आपला हात पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही पोरीच्या डोळ्यांदेखत.

"भट्टी," एवढंच ते पुटपुटले आणि उठून धावत सुटले. वयाला न शोभेल असे धावले. गेलेली भट्टी म्हणजे काय, ते त्यांनी जन्मभर भोगलं होतं. विटांच्या खोलीच्या लोखंडी भिंतीला जाड काचेचा एक झरोका होता. काकांनी त्याला डोळा लावला.

आणि ते तिथेच थांबले.

आत विटांची रास छतापर्यंत गेली होती, आणि वीट अन् वीट लालकेशरी उजळली होती. ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. कोळशाची भट्टी जन्मभर त्यांच्यावर गुरगुरली होती. खायला घाला, नाहीतर मरते, असाच तिचा धाक. ही आग काही मागत नव्हती. रात्री राखेखाली झाकून ठेवलेल्या निखाऱ्यासारखी ती नुसती थांबली होती. दुपारचं ऊन संध्याकाळी इथे बसलं होतं आणि त्यांच्या चुकीची त्याला खबरही नव्हती. काकांच्या अंगावर काटा आला. डोळे भरले, ते त्यांनी पुसले नाहीत.

"बटण का दाबलंत?" मागून आवाज आला. बाई होत्या. मागे ठिणगी, ओठ घट्ट मिटून.

कंपनीचे मॅनेजर घाईने म्हणाले, "मॅडम, हा चाचणीचाच एक भाग..."

"नाही," ठिणगी म्हणाली. "चूक झाली."

"माझी," काका म्हणाले. "धुराड्याला धूर दिसला नाही. वाटलं, आग गेली."

बाईंनी विचारलं, "पूर्वी खरंच गेली असती तर?"

"अख्खी रात्र मोडली असती. भट्टीत हवा मारायची, तेलाने पेटवायची, मग हळूहळू कोळसा. साहेबांच्या शिव्या वेगळ्या."

"आणि आता?"

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगू नका बाबा. दाखवा."

टर्बाइन अजून पुरतं थांबलंही नव्हतं. काका खुर्चीत बसले, पायरी पायरीने सगळं तपासलं, आणि ठिणगीने मान डोलावताच वाफ उघडली. ती तयारच होती, हाक मारायची खोटी. नुकताच आलेला चहा पिण्याइतकाही निवला नव्हता, तोवर सूर परत लागला आणि दिवे आले. बाहेर सूर्य बुडून गेला होता.

"परत एकदा बंद करा," बाई म्हणाल्या.

ठिणगी म्हणाली, "करा बाबा." मघाशी भीतीने दाबलं होतं ते बटण काकांनी या वेळी सांगितल्यावरून दाबलं. पुन्हा अंधार, पुन्हा वाफ, पुन्हा तोच सूर. या वेळी वर बघायचं नाही, म्हणून त्यांनी डोळे पॅनेलवरच रोवून ठेवले होते.

बाईंनी हेल्मेट काढून काखेत धरलं. "हे यंत्र चालवणारे तुमच्यासारखे आणखी किती जण आहेत इथे?"

"आहेत की. सगळेच घरी बसलेत." काका चाचरले. खरं ते सांगायला हवं होतं. "पण मॅडम, सगळेच वर बघतात."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "बघू देत. बाकीच्या खोल्या होईपर्यंत आपण बटणावर झाकण बसवून घेऊ."

बाकीच्या खोल्या. ते ऐकून ठिणगीने भिंतीला पाठ टेकली आणि लहानपणी नाटकात वाक्य विसरल्यावर बघायची तशी बापाकडे बघितलं. तेव्हा बाप धुराड्याकडे बघत होता. आज तो तिच्याकडेच बघत होता.

"चल, बाहेर चल जरा," काका तिला म्हणाले.

पॅनेल कंपनीच्या माणसांवर सोपवून दोघं केंद्राच्या अंगणात आले. वसाहतीतले दिवे लागले होते. त्यांतला प्रत्येक दिवा त्या गप्प विटांवर जळत होता. काकांनी मान वर केली. आभाळात अजून थोडा उजेड होता. धुराड्याच्या तोंडाशी, जिथे त्यांच्या उभ्या नोकरीत एक पाखरू फिरकलं नव्हतं, तिथे एक घार येऊन बसली होती आणि निवांत पंख साफ करत होती.

"धूर नाही ना?" ठिणगीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले, आणि बराच वेळ वर बघत राहिले.