मिस्त्रींची काच

भूकंपाला अकरा दिवस झाले होते. शुक्रवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी त्याहून मोठा धक्का बसेल आणि जगाचा शेवट होईल, असा निरोप इमारतीतल्या प्रत्येक फोनवर निदान चार वेळा येऊन गेला होता. तो कोणी धाडला हे कोणालाच ठाऊक नव्हते. नुसते ‘चार वाजता’ म्हटले असते तर लोक हसले असते. त्या बारा मिनिटांनी घात केला. इतकी नेमकी वेळ कोणी उगाच कशाला सांगेल, असे ज्याला त्याला वाटले, आणि साडेतीनपर्यंत सगळी इमारत मागच्या रस्त्यापलीकडे, शाळेच्या मैदानावर जाऊन बसली.

चौथ्या मजल्यावर दोघेच उरले: पलंगावर सासरे आणि त्यांच्या उशाशी सून.

निघताना नवऱ्याने पुन्हा एकदा विचारून पाहिले होते. “बाबा, चौघं मिळून खुर्चीत बसवून नेतो तुम्हाला. दहा मिनिटांचं काम.”

“जगच बुडणार असेल तर मैदान काय तरंगत राहणार आहे?” सासरे म्हणाले. “आणि काच शाबूत आहे. तुम्ही जा, मोकळी हवा खाऊन या.”

मुलीने बापाच्या शर्टाचे टोक मुठीत धरले होते. धक्का बसल्या दिवसापासून ती ते सोडत नव्हती. त्यामुळे कोणी जायचे आणि कोणी थांबायचे, हा प्रश्न कोणी न बोलताच सुटला होता.

“माझी फूटपट्टी सापडली का?” तिने दारातून आईला विचारले.

“जग संपल्यावर भूमिती कोण करणार आहे?” आई म्हणाली, आणि मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

सासऱ्यांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले होते. सगळी इमारत त्यांना मिस्त्रीच म्हणे. दोन वर्षांपूर्वी कमरेचे हाड मोडल्यापासून त्यांचे जग पलंग ते न्हाणीघर एवढेच उरले होते, तेही वॉकरच्या आधाराने. भूकंपात त्यांच्या पलंगालगतच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा गेला. खालच्या तिन्ही मजल्यांवर नेमका त्याच जागी तसाच तडा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या तसबिरीची काच मुलाकडून बोटभर रुंद कापून घेतली, तड्यावर आडवी धरली आणि दोन्ही टोके प्लास्टरने भिंतीत बसवली. खाली पेन्सिलीने तारीख घातली. “भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकेल,” ते म्हणाले. “माणूस खोटं बोलेल, काच बोलायची नाही.”

सरकारी तपासनीसांच्या यादीत या इमारतीचा क्रमांक तीन आठवड्यांनी येणार होता. तोवर ती काचच तपासनीस झाली. संध्याकाळ झाली की दारात चपलांचा ढीग पडे. लोक खोलीत येत, काचेकडे पाहत, एखादा हळूच बोट लावून बघे, आणि इमारतीचे सचिव सर्वांना निरोप धाडत: ‘मिस्त्रींची काच शाबूत आहे.’ त्यावर चाळीस कुटुंबे आपापल्या छपराखाली अंथरुणे घालत.

चार वाजायला वीस मिनिटे होती. रिकाम्या इमारतीत कुठेतरी नळ ठिबकत होता. धक्का आलाच तर काय करायचे, हे सुनेने मनात अनेकदा घोळवून पाहिले होते. टेबलाखाली सासऱ्यांना घालता येत नव्हते आणि लिफ्ट बंद होती. एकटीने पळण्याचा विचार मनात आला की तो उघडकीला येईल या भीतीने ती खोलीत काहीतरी आवरू लागे. आताही तिने फडके उचलले आणि काचेवरची धूळ पुसायला घेतली.

चष्म्याच्या दुकानात तिची बारा वर्षे काचा पुसण्यात गेली होती. गिऱ्हाईक जुना चष्मा पुढे करी तेव्हा भिंग काचेचे की प्लास्टिकचे, हे तिला पाहावेही लागत नसे. काच बोटाला थंड लागते आणि नखाने टिचकी मारली की टणकन बोलते.

ही थंड लागली नाही. तिने टिचकी मारली. आवाज बद्द आला. ती वाकली, तेव्हा कडेला खरवडून काढलेल्या बारीक रेघांची ओळ दिसली. सगळ्या सारख्याच अंतरावर.

“बाबा, ही काच नाही.”

सासरे छताकडे पाहत राहिले. मग त्यांनी उशीखालून चष्म्याची डबी काढली. तिनेच दुकानातून आणून दिलेली. आत रुमालात काचेचे दोन तुकडे होते.

“कधी?”

“पाचव्या दिवशी, सकाळी. तो बारीक धक्का आला, तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस. वाटलं, प्लास्टर सुकताना आवळलं असेल. दुसरी लावून बघू म्हटलं, तर काच हाताशी नव्हती. पोरीची पट्टी होती. तात्पुरती म्हणून लावली. तेवढ्यात सचिव आले, हात फिरवून म्हणाले, वा मिस्त्री, शाबूत. मग जीभच उचलेना.”

“खालच्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ आहे, बाबा.”

“ठाऊक आहे. त्याच्या आईला मीच सांगितलं, नीज निवांत.” ते म्हणाले. “एकदा मला खाली नेलंत की परत वर कोण आणणार? मैदानात तंबू ठोकून राहायचं म्हणजे भांडं लागेल, आडोशाला चादर लागेल. चाळीस घरांच्या देखत. इथं निदान दार लावता येतं.”

तिला राग आला, पण तो धड त्यांच्यावर जाईना. ते भांडे आणि ती चादर धरायला तीच असणार होती. सहा दिवस ती रोज या पट्टीसमोरून गेली होती आणि एकदाही तिने बोट लावले नव्हते. काच शाबूत असणे तिलाही सोयीचेच होते.

तिने नवऱ्याला फोन लावला. लागेना; जगाच्या शेवटी सगळेच एकमेकांना फोन करत होते.

“मी पळत जाऊन सांगते. कोणी वर यायचं नाही म्हणून.”

“आणि मग मला न्यायला चौघं जिना चढतील,” सासरे म्हणाले. “जिन्याची भिंतही तडकली असेल तर? नको.” त्यांनी तुकड्यांचा रुमाल खिशात घातला आणि पाय पलंगाखाली सोडले. “मीच येतो. बसून येतो.”

बहात्तर पायऱ्या होत्या. ते पायरीवर बसत, दोन्ही हात टेकत आणि खालच्या पायरीवर स्वतःला सोडत. ती त्यांच्याकडे तोंड करून, त्यांचे तळपाय धरून उलटी उतरत होती. प्रत्येक वळणावर ते भिंतीवर बोटाची पेरे आपटत.

“पोकळ.”

“बाबा, आता नका सांगू.”

“बरं.” पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा आपटले आणि काही बोलले नाहीत. ते तिला अधिक वाईट वाटले.

“लहानपणी असाच उतरायचो,” दम घेत ते म्हणाले. “चड्डी फाटायची. आई बडवायची.”

दुसऱ्या मजल्यावर मैदानातून शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू आल्या. चार वाजून बारा मिनिटे कधी झाली, ते दोघांनाही कळले नव्हते.

“संपलं वाटतं जग,” सासरे म्हणाले. “आता घरी येतील. चल, आटप.”

पहिला मजला सोडून चार पायऱ्या उतरले तोच खाली जिन्यात गडबड झाली. सर्वांत पुढे सचिव, खांद्यावर गुंडाळलेली गादी. मागे पिशव्या, उशा, पोरेबाळे.

“अहो मिस्त्री, तुम्हीही घाबरलात होय?” सचिव हसले. “टळलं सगळं. नुसती अफवा. चला, धरतो तुम्हाला, वर घेऊन जाऊ.”

दोघेतिघे हात पुढे करून आलेही. जिना अरुंद होता. सासरे बसले होते त्या पायरीवरून दुसऱ्या कोणाला जाता येत नव्हते. त्यांनी सुनेकडे पाहिले.  तिने फक्त त्यांचे तळपाय धरून ठेवले.

“वाट देऊ नकोस, सूनबाई,” ते म्हणाले. मग खाली पाहत, कामावर मजुरांना सांगावे तशा आवाजात, “कोणी वर जायचं नाही. काच पाचव्या दिवशीच तुटली. भिंतीवर आहे ते प्लास्टिक आहे. मी लावलेलं.”

मागे कोणी तरी हसले. मिस्त्रींची थट्टा असेल असे वाटले असावे. मग सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला.

“भिंत हलते आहे. किती, ते मला सांगता येत नाही. नुसती हलते आहे, एवढं सहा दिवस मला ठाऊक होतं.”

सचिवांनी एक तुकडा घेतला, दुसरा त्यांच्या मागच्याने. दोन्ही तुकडे हातोहात खाली जात राहिले. मुलीने अजून शर्ट धरून ठेवलेल्या नवऱ्याने एक तुकडा हातात घेतला आणि वडिलांकडे न पाहताच पुढे दिला. शेवटी तो बाळाच्या आईपाशी पोचला. तिने बाळाला घट्ट जवळ घेतले आणि मान वर करून पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले. ती काय बोलते याची सगळा जिना वाट पाहत होता. ती वळली आणि बाहेर पडली. तिच्यामागून एकेक जण, गादी-उशी सांभाळत, उलटा फिरू लागला.

सासऱ्यांनी मान खाली घातली नव्हती. जिना मोकळा होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

“अजून किती?” त्यांनी विचारले.

“चौदा,” ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हात पायरीवर टेकले.