हाताच्या मापाचं

पिस्तुलाच्या चापाच्या आत आणखी एक चिमुकला चाप होता — तान्ह्या जूनीच्या खालच्या हिरडीतून नुकत्याच वर आलेल्या दातासारखा, बोट फिरवलं तरच जाणवेल असा… मेरिबेथनं बोट फिरवलं नाही. ते बाहेर, सरळ ठेवलेलं. चमचा धरायच्या वयापासून इकडं सगळ्यांना ते कळतं.

"आतला दाबल्याशिवाय बाहेरचा हलत नाही," काउंटरपलीकडून बंदुकांच्या दुकानाच्या मालकीण ओपलबाई म्हणाल्या. "या पिस्तुलांना बाहेर दिसणारा घोडा नसतो. सगळी ओढाताण आतल्या आत."

म्हणजे अगदी माझ्यासारखंच… तिला हसू आलं.

नवरा, कोल्बी, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाला गेला की महिनाभर ती आणि लेक जूनी, खडीचा रस्ता संपतो तिथल्या घरात. आणि ऑक्टोबरात कुणीतरी मागच्या दाराची मूठ फिरवून पाहिली होती… बाईमाणसाला छोटंच बरं म्हणून कोल्बीनं आपलं खिशातलं पिस्तूल दिलं, तर गोळी चढवायला त्याची वरची स्लाइड तिला मागे सारताच येईना. तेव्हाच सासूबाईंनी ठरवून टाकलं — गावात माझ्याकडे राहायला चला. आज इथंही जमलं नाही, तर शुक्रवारी सामान हलणार होतं.

"छोटंच दाखव गं, ओपल," जूनीला मांडीवर नाचवत सासूबाई — लोरेटा — म्हणाल्या. "हात बघ तिचे, बाहुलीचे."

"छोट्याचीच स्प्रिंग ताठ असते, लोरेटा. तुझ्यासारखी."

ओपलबाईंनी दुसरं काढलं. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली. गोळीचं रिकामं घर स्वतः पाहिलं, तिला दाखवलं, मग दिलं. तिनं पुन्हा पाहिलं — करंगळी आत घालून. तिची ही सवय. गॅस दोनदा, कुलूप तीनदा, आणि कोल्बीचं ते हसणं… इथं कुणी हसलं नाही. इथं ही रीतच होती! आपण इतकी वर्षं ज्याला काळजी म्हणत आलो त्याला इथं नुसती शिस्त म्हणतात, हे कळून तिला कुणीतरी खुर्ची पुढे सरकवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याची मूठ फार जाड, चापापर्यंत बोट जेमतेम पोचत होतं. तिसरं लांब, जड, बाजूला अंगठ्यानं खाली करायचा खटका असलेलं — पण मूठ तळहातात नीट बसली.

"हे पुरुषांचं आहे," लोरेटा म्हणाल्या.

"पिस्तुलाला मिश्या असतात होय?" ओपलबाई. "ओढू नकोस, पोरी. वरच्या हातानं स्लाइड घट्ट धर, आणि खालच्या हातानं मूठ पुढं ढकल. बाळगाडी पायरीवर चढवतेस ना, तशी."

नळी रिकाम्या भिंतीकडे. स्लाइड सरकली. खट्.

तिनं पुन्हा केलं. आणखी एकदा. जूनीनं टाळ्या पिटल्या.

"बरं," लोरेटा म्हणाल्या, "म्हणजे शुक्रवारी मीच येते तुमच्याकडे. जेवायला."

"या ना, मॉम."

घ्यायचं का, अजून ठरलं नव्हतं. जूनी आणि हे एका छपराखाली… तो प्रश्न होताच, आणि असावाच. भीतीही होती, फक्त पोटातून उठून ती बोटांच्या टोकांशी येऊन बसली होती, जागी, कामाला तयार. आणि पोटात, जिथं इतके दिवस तिचंच ठाण होतं तिथं — मेरिबेथला एकाएकी सपाटून भूक लागली.