दरीच्या तळाशी उर्वी

तनुजाला बसून राहणं ठाऊकच नव्हतं. निलंग्याजवळच्या शेतात ट्रॅक्टर तीच चालवायची, आणि बांधावरून जाणारा माणूस त्याचं नवल करायचं केव्हाच सोडून बसला होता. अशी पोरगी मोटारसायकलवरून घसरली, डावा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी नांदेडची उर्वी, कृषी महाविद्यालयातली तिची मैत्रीण, फोनवर म्हणाली, "लॅपटॉप आहे ना तुझ्याकडं? मग चल माझ्याबरोबर अंतराळात."

गेम साधा होता. आपलं यान घ्यायचं, मनाला येईल त्या ग्रहावर उतरायचं आणि हिंडायचं. दोघी आपापल्या घरून खेळायच्या, फोनच्या स्पीकरवर बोलायच्या. उर्वी मुरलेली. तनुजा नवखी, पण हात लवकर बसला.

त्या दुपारी त्यांना एक कोरा ग्रह सापडला. तिथं आजवर कुणीच उतरलं नव्हतं. करवतीसारखे काळे सुळके, मध्येच तांबड्या दऱ्या आणि वर हिरवट आभाळ. तनुजाचे वडील, शेषेराव, शेतातून जेवायला आले होते, ते पानावरून उठून सरळ तिच्या खाटेवर येऊन टेकले.

"ह्ये कुठलं रान म्हनायचं?"

"पृथ्वीवरचं न्हाई, आबा."

तेवढ्यात फोनमधून उर्वीची किंकाळी आली. सगळ्यात खोल दरीत यान घालायचा मोह तिला आवरला नव्हता. पंख कड्याला घासला आणि यान थेट तळाशी.

"इंधन सगळं सांडलं गं. ऑक्सिजनही संपत आलाय. मी मरते आता, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

"मग हा ग्रह?"

"तुझ्या नावावर राहील. माझं सगळं पुसलं जाईल."

"आसं कसं? दोघींनी शोधला. थांब तिथंच, आले मी."

"यान आत मावणार नाही, तनू!"

"न्हाई तर न्हाई."

तिनं यान काठावर उतरवलं, त्याच्या पोटातली चारचाकी गाडी बाहेर काढली आणि उतरणीला लावली. थोडी गेली न गेली तोच चाकांखालचा मुरूम सरकला. गाडी कलंडताना तनुजानं बाहेर उडी टाकली. गाडी कोलांट्या खात खाली गेली.

शेषेराव ताडकन उठले. "गेली! आता फिर माघारी. ती पडली, तू बी पडशील."

तनुजा मात्र गाडीकडंच बघत होती. "आबा, पाहिलं का तुमी? कशी पडली?"

"कशी म्हंजी? उलटीपालटी."

"हळू पडली. वाऱ्यावर भुसकट उडावं तशी. हितं वजनच न्हाई कशाला."

एवढं बोलून ती मागं सरली आणि कड्यावरून तिनं अंग झोकून दिलं. शेषेरावांनी खाटेची कड घट्ट धरली. पडद्यावर कडे संथपणे वर सरकू लागले. जमीन जवळ आली की ती पोशाखाच्या पाठीवरची झोत सोडणारी नळकांडी पेटवी, वेग मोडी, एखाद्या कपारीवर पाय टेकवी आणि पुन्हा उडी. एक कपार पायाखालून ढासळली, पोशाखाला चीर गेली, धोक्याची घंटा वाजू लागली. तनुजानं एका हातानं चीर बुजवायचं बटण दाबलं, दुसऱ्यानं पुढची उडी घेतली. तिला भीती वाटत नव्हती. कितीतरी दिवसांनी अंगात वारं शिरल्यासारखं वाटत होतं.

तळाशी मोडक्या यानाला टेकून एक पांढरी आकृती बसली होती. तनुजानं आपल्या ऑक्सिजनच्या टाकीची नळी तिला जोडली.

"आलीस?" उर्वीला हसू आवरेना. "पण आता वर कसं जायचं, बाई?"

"उड्या मारतच. माझ्या मागं ये, मी टेकते तिथंच टेक."

चढण जिवावर बेतली. उर्वी दोनदा घसरली, दोन्ही वेळा तनुजानं तिला दोरानं ओढून घेतलं. काठावर पोचल्या तेव्हा टाकीत श्वासापुरतीच हवा उरली होती. दोघी यानात शिरल्या, दार बंद झालं, आणि शेषेरावांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की तो नांदेडपर्यंत ऐकू गेला.

पडद्यावर चौकट उमटली: दरीला नाव द्या.

"मारुतीरायाचं दे," शेषेराव म्हणाले. "येवढी उडी त्याचीच."

"मारुतीला लई नावं हायत, आबा. ही उडी मी मारली."

तिनं ठसठशीत टाइप केलं: तनुजाउडी. शेषेराव पडद्याशी वाकले आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले.